मूठफंडाची वही आणि आमचे आजोबा

कोणत्याही समाजाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे प्रथम डोळ्यांपुढे येतात त्या समाजाच्या इमारती, त्यांवरील संगमरवरी पाट्या आणि त्या पाट्यांवर कोरलेली देणगीदारांची नावे. हे यथायोग्यच आहे. ज्यांनी स्वकष्टार्जित धन समाजासाठी वेचले त्यांचे स्मरण ठेवणे हे प्रत्येक ज्ञातिबांधवाचे कर्तव्य होय. परंतु इमारत उभी राहिल्यानंतर तीत राहणाऱ्या मुलांच्या ताटात दोन वेळची भाकरी कोठून आली, ती आणण्यासाठी कोणाचे पाय झिजले आणि त्या पायपिटीची किंमत कोणत्या घराने मोजली, याची पाटी कोठेही लावलेली आढळत नाही. संपादक मंडळाने ‘जुन्या काळच्या एखाद्या कार्यकर्त्याविषयी चार शब्द लिहावेत’ अशी सूचना केली, तेव्हा आमच्यापुढे आमच्या आजोबांचीच मूर्ती उभी राहिली.

नातवाने आजोबांची थोरवी गावी यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. म्हणून आम्ही येथे स्तुतिस्तोत्र गाणार नाही. आजोबांनी समाजाच्या मूठफंडाची एक वही ठेवली होती. ती मोडी लिपीत आहे. इ.स. १९५० नंतर शाळांतून मोडी उठली, त्यामुळे आमच्या पिढीस ती वाचता येत नसे. सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही मोडीचे वर्ग केले, ते मुख्यतः या वहीसाठी. त्या वहीच्या आधारे आणि घरात जे पाहिले-ऐकले त्याच्या आधारे हा जमाखर्च मांडीत आहोत. वहीत आजोबांनी स्वतःचे नाव एकदाही घातलेले नाही. त्यांचा तो नियम आम्हीही पाळतो, आणि ज्या मुलांनी त्या फंडाचे अन्न खाल्ले त्यांचीही नावे देत नाही.

आजोबांचा काळ ध्यानी येण्यासाठी आपल्या धंद्याची तेव्हाची स्थिती प्रथम पाहिली पाहिजे. आपल्या देशातील जुना पोशाख बव्हंशी बिनशिवणीचा. पुरुषांचे धोतर, उपरणे, पागोटे आणि बायकांचे लुगडे यांना सुई लागत नाही. म्हणून शिंप्याच्या वाट्यास चोळी, बंडी, बाराबंदी, अंगरखा, कुंची, टोपडे एवढेच काम येई. कित्येक गावी शिंप्याची गणना अलुतेदारांत होत असे आणि पुष्कळ घरे शिवणकामाच्या जोडीला खणांचा व कापडाचा किरकोळ व्यापार करीत. सुई, कातर, गज आणि अंगुस्तान ही सारी सामग्री. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शिवणयंत्रे आपल्याकडे येऊ लागली व सिंगर कंपनीची यंत्रे हप्त्याने मिळू लागली, तेव्हा या धंद्याचे रूप पालटले. ज्याच्याकडे यंत्र तो दुकानदार आणि ज्याच्याकडे नुसती सुई तो त्याच्या दुकानात काजे करणारा व गुंड्या लावणारा, असे दोन थर एकाच ज्ञातीत पडले. हप्ते फेडण्यासाठी दुकानात अधिक हात हवे झाले आणि ते हात साहजिकच घरातल्या मुलांचे होते. दहा वर्षांचा मुलगा शाळेतून निघून तुरपाईस बसला, हे त्या काळी आमच्या घरोघरचे दृश्य होते.

विद्येवाचून या स्थितीतून सुटका नाही, ही जाणीव दक्षिण महाराष्ट्रात ज्या एका पुरुषाने सर्व समाजांना करून दिली ते राजर्षी शाहू छत्रपती होत. इ.स. १८९४ साली ते कोल्हापूरच्या गादीचे अधिकार हाती घेते झाले. खेड्यातील मुलगा हुशार असला तरी इंग्रजी शाळा मोठ्या गावी; तेथे त्याला राहावयास जागा नाही आणि जातिभेदाच्या त्या काळात परक्याच्या पंक्तीला बसण्याची सोय नाही. म्हणजे अडचण बुद्धीची नव्हती, ती भाकरीची होती. महाराजांनी हे मर्म ओळखले. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन समाजाचे बोर्डिंग निघाले. पुढे मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ इत्यादी समाजांची वसतिगृहे निघाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झाले आणि त्याच वर्षी आपल्या समाजाचे नामदेव बोर्डिंगही निघाले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नव्हे. जातवार वसतिगृहे हा महाराजांचा अंतिम आदर्श नव्हता; जातिभेद मोडावेत हेच त्यांचे ध्येय होते. परंतु जो समाज शाळेच्या पायरीशीच पोहोचला नाही त्याला आधी पायरीपर्यंत तर आणले पाहिजे, असा त्यांचा व्यवहारी विचार होता.

आमच्या आजोबांचा जन्म इ.स. १९०६ मध्ये गडहिंग्लज येथे झाला. गडहिंग्लज हे त्या वेळी कोल्हापूर संस्थानातील हिरण्यकेशीच्या काठचे पेठेचे गाव. गूळ व मिरची यांचा बाजार, आसपासच्या नूल, हलकर्णी, महागाव, नेसरी या गावांची रहदारी, त्यामुळे शिंपीकामास बरी मागणी असे. घरात एक हातमशीन होते. इ.स. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा आजोबा मराठी चौथीत होते. पुढच्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. लोक तिला मानमोडी म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जगभर पसरलेल्या या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. आमच्या घरातून तिने पंधरा दिवसांत आजोबांचे आईवडील दोघेही नेले. बारा वर्षांच्या मुलाने पाटी ठेवली व चुलत्यांच्या दुकानात काजे करावयास बसला. त्यांची शाळा तेथे संपली.

त्या हिवाळ्यात आजोबा व त्यांची धाकटी बहीण यांना गल्लीतील बायकांनी जगविले. चुलत्यांचे घर मोठे, मिळकत तुटपुंजी. शेजारपाजारच्या बायका आपापल्या घरी दळण घालताना एकेक मूठ जोंधळा बाजूला काढीत आणि आठवड्याने आणून देत. आजोबा पुढे म्हणत, “ती मूठ देताना कुणी मोजली न्हाई. पण मी मोजून ठेवली.” मूठफंडाचा उगम येथे आहे असे आम्हांस वाटते.

मूठभर धान्यावर संस्था चालविण्याची कल्पना आजोबांचीच होती असे मात्र कोणी समजू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी इ.स. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. कोल्हापुरात विद्यार्थी असताना ते स्वतः जैन बोर्डिंगात राहिलेले होते. त्यांच्या वसतिगृहासाठी घरोघर मूठ-मूठ धान्य गोळा होई. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊकच आहे. इ.स. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली, त्या वेळी त्याची वार्ता आमच्या भागातही पोहोचली. इ.स. १९३१ च्या सुमारास गडहिंग्लजच्या आमच्या समाजाने, परगावाहून इंग्रजी शाळेसाठी आलेल्या मुलांकरिता दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भाडे चार सुस्थित घरांनी वाटून घेतले. अन्नाचे काय करावयाचे, हा प्रश्न निघाला तेव्हा पंचवीस वर्षांचे आजोबा उभे राहिले आणि झोळी घेऊन फिरण्याचे त्यांनी पत्करले. ते पुढे बेचाळीस वर्षे फिरले.

त्यांची पद्धत साधी परंतु विचारपूर्वक ठरविलेली होती. प्रत्येक घरी एक गाडगे देऊन ठेवलेले असे. दळण काढताना गृहिणीने एक मूठ धान्य त्यात टाकावयाचे. आपल्या समाजात संत नामदेव महाराजांच्या परंपरेने एकादशीचे व्रत घरोघर पाळले जाते. तेव्हा एकादशीस जे घरात शिजले नाही तेही गाडग्यात जावे, असा आजोबांचा आग्रह असे. द्वादशीस पहाटे ते निघत. मांजरपाटाची दुहेरी शिवणीची झोळी त्यांनी स्वतः शिवली होती व तिला आतून दोन कप्पे होते. एकात जोंधळा, एकात तांदूळ अथवा नाचणी. दारात उभे राहून ते हाक मारीत, गाडगे रिते करून घेत, मापट्याने मोजत आणि तेथेच वहीत टिपत. घरी परतेपर्यंत आकडा मनात ठेवणे त्यांना मान्य नसे. “मन इसरतं, शाई इसरत न्हाई,” असे ते म्हणत. नऊ वाजता धान्य वसतिगृहाच्या कणगीत पडे आणि साडेनवाला आजोबा दुकानात मशीनवर बसलेले असत.

आता वहीविषयी. पहिल्या काही पानांवर नोंदी घरमालकांच्या नावाने आहेत, जशी त्या काळची रीत होती. पुढे मात्र एका पानापासून नोंदींची तऱ्हा बदलते. तेथून घरमालकाचे नाव जाऊन बाईचे नाव येते. अमुकबाई, अर्धा शेर जोंधळा. तमुकबाई, एक मापटे तांदूळ. असे सारे रकाने बायकांच्या नावांनी भरलेले आहेत. ज्या घरात सासू व सून दोघी मूठ टाकीत तेथे दोघींची नावे आहेत. समाजाच्या वडीलधाऱ्या मंडळींना हे रुचले नाही, असे आमचे वडील सांगत. बैठकीत बायकांची नावे वाचून दाखवावयाची म्हणजे काय, असा प्रश्न निघाला. आजोबांनी उत्तर दिले की, गाडग्यात मूठ जिच्या हाताने पडते तिचेच नाव लिहिणार. मालकांस नाव हवे असेल तर त्यांनी स्वतः दळावयास बसावे. यावर हशा झाला आणि प्रश्न मिटला. दरवर्षी आषाढ वद्य त्रयोदशीस, नामदेव महाराजांच्या पुण्यतिथीस, प्रसादापूर्वी आजोबा वर्षाचा हिशोब उभ्याने वाचीत. त्यात ही नावे एकामागून एक येत. ज्या काळी आमच्या भागातील बहुतेक बायकांचे नाव लग्नपत्रिकेखेरीज कोठे छापले अथवा वाचले जात नसे, त्या काळची ही गोष्ट आहे. आमच्या समाजाच्या शिक्षणाचा पाया या मुठींवर रचला गेला असेल, तर तो पाया घालणाऱ्या कोण होत्या हे त्या वहीवरून स्वच्छ कळते.

धान्याखेरीज दुसरीही एक सेवा होती. दुकानात कापड बेतल्यावर जे कातरण उरे ते सारे एका पोत्यात जमा होई. मोठे तुकडे निवडून आजोबा मुलांच्या बंड्या व टोप्या शिवीत, बारीक तुकड्यांच्या आमची आजी वाकळी शिवी. जून महिन्यात शाळा उघडण्याच्या आधी वसतिगृहातील मुलांच्या खाकी विजारी व पांढरे सदरे शिवावयाचे असत. दुसऱ्या महायुद्धात इ.स. १९४३ पासून कापडावर नियंत्रण आले. कापड शिधापत्रिकेवर मिळू लागले व शिंप्यांची कामे निम्म्यावर आली. त्या वर्षांतही मुलांचे कपडे थांबले नाहीत, असे वही सांगते. जुने धोतर द्यावे आणि त्यातून दोन सदरे काढावेत, अशा नोंदी त्या सालांत पुष्कळ आहेत.

येथवर वाचून कोणासही आजोबांविषयी आदर वाटेल. परंतु जमेची बाजू लिहून खर्चाची कोरी ठेवणे हे वही राखणाऱ्या माणसाच्या नातवास शोभणार नाही. ती बाजू आता लिहितो.

आमचे वडील आजोबांचे थोरले चिरंजीव. इ.स. १९४६ मध्ये ते मराठी सातवीची फायनल परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले. गणितात त्यांचा हात धरणारे वर्गात कोणी नव्हते, असे त्यांचे सोबती आम्हांस सांगत. पुढे इंग्रजी शाळेत जावयाचे तर फी आणि पुस्तके. दुकानाची मिळकत कापडनियंत्रणाने खालावलेली, घरात सहा माणसे. समाजाकडे गरजू मुलांच्या फीसाठी थोडी रक्कम असे. आजोबांनी एक शब्द टाकला असता तर वडिलांची फी त्यातून सहज भरली गेली असती. समाजाच्या मंडळींनी आपण होऊन तसे सुचविलेही. आजोबांनी नकार दिला. ज्याच्या हाती वही त्याच्या घरी पैसा जाता कामा नये, हा त्यांचा नियम. वसतिगृह परगावच्या मुलांसाठी होते, म्हणून तेथील अन्नही वडिलांना लागू नव्हते. वडिलांची शाळा संपली आणि ते मशीनवर बसले. त्याच वर्षी फंडाचे अन्न खाऊन दोन परगावची मुले मॅट्रिक झाली व पेढे घेऊन घरी आली. आजीने पेढा हाती घेतला नाही. “दुसऱ्याची पोरं सायब झाली, माझा पोरगा टिपा मारतोय,” एवढेच ती म्हणाली आणि आत गेली. ही हकीकत आम्ही आजीच्याच तोंडून अनेकदा ऐकली आहे. सांगताना तिचा आवाज प्रत्येक वेळी कडू होत असे. आजी तीस वर्षे आजोबांच्या झोळीसाठी गाडगे भरीत राहिली, वाकळी शिवीत राहिली. पण ही एक गोष्ट तिने त्यांना कधी माफ केली नाही.

आजोबांचे चुकले काय? आम्ही पुष्कळ विचार केला आहे. त्या काळच्या संस्था कशा चालत हे ज्यांस ठाऊक आहे ते म्हणतील की, आजोबांनी एकदा अपवाद केला असता तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक दारात शंका उभी राहिली असती. जी बाई आपल्या मुलाच्या ताटातली मूठ काढून देते तिला ती मूठ कोठे जाते याची खात्री हवी असते, आणि अशी खात्री एकदा गेली की परत येत नाही. हे सारे खरे. तरीही चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाने त्याची किंमत दिली, आणि ती द्यावी की न द्यावी हे त्याला कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे. समाजकार्यात पडलेल्या मनुष्याच्या त्यागाचे आपण गोडवे गातो. त्यातला मोठा हिस्सा त्याच्या बायकामुलांनी केलेला असतो आणि तो पुष्कळदा त्यांच्या संमतीवाचून केलेला असतो.

वडिलांनी स्वतः या गोष्टीचा उच्चार क्वचितच केला. जून महिना आला की वसतिगृहातील मुलांच्या सदऱ्यांचे गठ्ठे तेच शिवीत. मापे घेताना मुलांना गणिते घालीत व चुकली की पाटीवर खडूने समजावून देत. या सरकारी पाठशाळेत न बसलेल्या मास्तरांकडून बीजगणित शिकून गेलेले दोन गृहस्थ पुढे शिक्षक झाले. आम्ही शिक्षकाची नोकरी धरली तेव्हा वडील आम्हांस म्हणाले, “तुझ्या आजोबांनी मला शिकवलं नाही, हे खरं. त्यांच्या वहीत एक पै कधी चुकली नाही, हेही खरं. लिहिशील तेव्हा दोन्ही लिही.” हा लेख म्हणजे त्या आज्ञेचे पालन होय.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटत गेली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. इ.स. १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला. संस्थांची नोंदणी व हिशेबतपासणी आवश्यक झाली. छापील पावतीपुस्तके आली व रोख वर्गणीचा हिशोब चिटणीसांकडे गेला. आजोबांकडे धान्य तेवढे राहिले. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन दशमान नाणी आली, त्या पाठोपाठ शेर-पायली जाऊन किलो आले. वहीच्या उत्तरार्धात मोडी अक्षरांतच ‘किलो’ हा शब्द पहिल्यांदा दिसतो तेव्हा मोठी मौज वाटते. इ.स. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापूर जिल्ह्यात आला आणि त्या बाजूची मुले अधिक संख्येने गडहिंग्लजला येऊ लागली. कणगीवरचा भार वाढला आणि झोळीच्या फेऱ्याही वाढल्या. आजोबा तेव्हा पन्नाशी उलटलेले होते. मात्र त्याच दशकाच्या अखेरीस आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना सरकारने फीची सवलत दिली, आणि इ.स. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. गरीब मुलाचा मार्ग काहीसा सोपा झाला.

लहानपणी आम्ही कित्येकदा द्वादशीस आजोबांचे बोट धरून गेलो आहोत. ते कोणत्याही दारात दोन हाकांपेक्षा अधिक हाका मारीत नसत. दार उघडले नाही तर वहीत त्या नावापुढे रेघ ओढीत. ‘दिले नाही’ असे कधी लिहीत नसत. आम्ही कारण विचारले तेव्हा म्हणाले, “रेघ म्हंजे भेट झाली न्हाई. दिलं न्हाई असं लिवायला मी कोण?” ज्या घरात आजारपण अथवा मयत झाले असेल तेथे ते जात, पण झोळी घडी करून बगलेत ठेवीत. चौकशी करून, पाणी पिऊन परतत.

इ.स. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्र विसरणार नाही. राज्यातील फार मोठ्या भागात पिके बुडाली, लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडावयास गेली, शिधावाटप दुकानांतून परदेशी लाल मिलो खाण्याची पाळी आली. आमचा भाग त्या मानाने सुदैवी. तरी धान्याचे भाव सर्वत्रच भडकले आणि गरीब घरांची गाडगी रिकामी राहू लागली. त्या वर्षी आजोबांनी समाजाच्या बैठकीत सांगितले की, ज्या घरी स्वतःस मूठ पुरत नाही त्या दारात झोळी न्यावयाची नाही. बेचाळीस वर्षांनंतर, इ.स. १९७३ मध्ये, मूठफंड बंद झाला आणि वसतिगृहाचा खर्च वर्गणीवर चालू लागला. वहीचे शेवटचे पान पाहण्यासारखे आहे. त्यावर एकूण जमा व एकूण खर्च मांडून बाकी शून्य दाखविली आहे. खाली एकच ओळ आहे : ‘झोळी धुऊन ठेवली.’

इ.स. १९७६ मध्ये आम्ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंत पोहोचलेला पहिला मनुष्य आम्हीच. निकालाच्या दिवशी वडिलांनी पेढे आणले. आजोबांनी पुडा हातात घेतला, आजीपुढे नेऊन ठेवला आणि काही न बोलता उभे राहिले. आजीने पुडा उघडून पहिला पेढा वडिलांच्या हातावर ठेवला. आजोबांच्या हातावर तिने दुसरा ठेवला. इ.स. १९८३ च्या कार्तिकात आजोबा निवर्तले. त्यांच्या तिरडीस खांदा देणाऱ्यांत परगावाहून आलेले चार गृहस्थ होते. कोण म्हणून विचारता त्यांनी ‘आम्ही खोलीतली पोरं’ एवढेच सांगितले.

वहीच्या खर्चाच्या बाजूस आणखी एक गोष्ट आम्ही जोडू इच्छितो. त्या बेचाळीस वर्षांत फंडाचे अन्न खाल्लेल्यांत एकही मुलगी नाही. मूठ सर्वस्वी बायकांची आणि विद्या सर्वस्वी मुलांची. पुण्याजवळ हिंगण्यास महर्षी कर्व्यांचा आश्रम १९०० सालापासून मुलींना शिकवीत होता, तरी आमच्या भागात मुलीस परगावी ठेवून शिकविण्याचा विचार त्या पिढीस शिवला नाही. आजोबांसही तो शिवला नाही. आजी म्हणे, “गाडगं आमचं आन् पाटी तुमची.” आज आपल्या समाजातील मुली डॉक्टर, अभियंता, अधिकारी होताना दिसतात. त्यांच्या सत्कारसमारंभात ज्यांच्या हाताच्या मुठींनी हा मार्ग घडला त्यांची नावे कोणी वाचीत नाही.

ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची एक नम्र विनंती आहे. आपापल्या घरी माळ्यावर, पेटीच्या तळाशी, जुन्या दप्तरात अशा वह्या पडलेल्या असतील. मोडी वाचता येत नाही म्हणून, किंवा वाळवी लागली म्हणून, त्या रद्दीत घालू नका. मोडी जाणणारी मंडळी आज पुन्हा तयार होत आहेत. त्यांच्याकडून त्या वाचून घ्या, आणि स्मरणिकेच्या पुढील अंकांत देणगीदारांच्या छायाचित्रांबरोबर त्यांतील नावेही छापा. आमच्या आजोबांच्या वहीतील सर्व स्त्रियांच्या नावांची देवनागरी यादी आम्ही तयार केली आहे. ती संपादक मंडळाच्या स्वाधीन केली असून येत्या आषाढ वद्य त्रयोदशीस, पूर्वीच्या रीतीप्रमाणे प्रसादापूर्वी, ती उभ्याने वाचली जावी अशी आमची इच्छा आहे. त्या यादीत आमच्या आजीचेही नाव आहे. ते वर्णानुक्रमाने जेथे येते तेथेच ठेवले आहे.